उंची ही शिल्लक, वेग ही रोकड

मे २०२५ मधल्या त्या चार रात्रींपैकी एका रात्री माझ्या हातून एक गुन्हा घडला. गुन्हा मोठा नव्हता. माझ्या वयाच्या लाखो माणसांनी त्याच रात्री तो केला असेल. पण ज्याने चौतीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या सह्या पडताळण्यात घालवली, त्याच्या हातून तो घडावा याची लाज मला अजून वाटते. आम्हा निवृत्त सहकाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. एरवी तिथे महागाई भत्त्याचे परिपत्रक, गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया आणि सकाळची सुभाषिते एवढाच व्यवहार चालतो. त्या रात्री मला कोणीतरी एक चित्रफीत पाठवली. काळेकुट्ट आकाश, जमिनीवरून वर जाणारी गोळ्यांची लाल माळ, त्यातून वेडीवाकडी वळणे घेत निसटू पाहणारे एक लढाऊ विमान आणि शेवटी आगीचा गोळा. खाली ओळ होती, ‘शत्रूचे विमान पाडले.’ मी ती गटावर ढकलली. वर ‘शाब्बास!’ असे लिहायलाही विसरलो नाही.

सकाळी साडेसहाला एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. आम्ही एका शाखेत नऊ वर्षे शेजारी-शेजारी बसलो. तो रोकड सांभाळायचा, मी पासिंग करायचो. त्याचा मुलगा वायुदलात तांत्रिक शाखेत आहे आणि त्या दिवसांत उत्तरेकडे कुठल्याशा तळावर होता. तो म्हणाला, ‘‘तू टाकलेली फीत रात्री अडीचला सूनबाईच्या फोनवरही आली. तिच्याकडे आली त्याच्याखाली लिहिलं होतं, भारताचं विमान पाडलं. विमान तेच, आगही तीच. घरात कोणी झोपलं नाही. तेवढंच सांगायला फोन केला.’’ तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

दुपारी मी ती फीत नातवाला दाखवली. तो अकरावीत आहे, आणि त्याच्या खोलीत टेबलाला स्क्रूने आवळलेली एक जॉयस्टिक आहे. त्या गोष्टीवरून आमच्या घरात बरेच वाद झालेले आहेत. त्याने फीत दहा सेकंद पाहिली. ‘‘आबा, हा गेम आहे.’’

‘‘कशावरून?’’

‘‘विमान बघा ना. एवढं जोरात वळलं, परत उलटं वळलं, वर चढलं, आणि स्पीड तेवढाच. एनर्जी आली कुठून?’’

हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. खातेदाराचा पगार अमुक, खर्च तमुक, तरी शिल्लक हलत नाही. मग पैसे आले कुठून? हा प्रश्न मी आयुष्यभर विचारत आलो. फक्त आदल्या रात्री विचारला नाही.

त्याच दिवसांत केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-पडताळणी विभागाने व्हिडिओ गेममधली दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून फिरत असल्याचा खुलासा केला. ‘आर्मा ३’ नावाच्या गेममधल्या फिती तर अनेक युद्धांत अशा फिरल्या आहेत. इतक्या, की तो गेम बनवणाऱ्या झेक कंपनीला नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर निवेदन काढून, आमची दृश्ये बातम्या म्हणून वापरू नका, असे सांगावे लागले. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या पहिल्याच दिवसांत, ‘कीव्हचे भूत’ नावाच्या एका वैमानिकाची कीर्ती जगभर पसरली. एकट्याने म्हणे सहा रशियन विमाने पाडली. त्याची म्हणून जी फीत फिरली ती ‘डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर’ या संगणकीय सिम्युलेटरमधली निघाली, आणि एप्रिलअखेर युक्रेनच्या वायुदलानेच सांगून टाकले की, हा माणूस म्हणजे लोकांनी घडवलेली दंतकथा आहे. दंतकथेची गरज लोकांना का पडते हे कादंबरीकार म्हणून मला कळते. पण ती दंतकथा ओळखण्याची युक्ती सोळा वर्षांच्या पोराला माहीत आणि मला नाही, हे मात्र बोचले. तेव्हा मी त्याला म्हटले, शिकव.

त्याने मला जेट विमानावर बसवले नाही. म्हणाला, आधी पंख्याचे विमान, कारण त्यात हिशेब उघडा दिसतो. तो खेळतो ती ‘इल-२ श्टुर्मोविक’ मालिका. तिचा पहिला अवतार २००१ साली मॉस्कोत ओलेग मॅडॉक्स यांच्या चमूने घडवला. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या सोव्हिएत हल्लेखोर विमानाचे नाव तिला दिले, ती विमाने छत्तीस हजारांहून अधिक बनली होती. आपल्याकडे ‘गेम’ म्हटले की गाजरपारखी नजरेने पाहण्याची रीत आहे, मीही तसाच पाहत होतो. पण या जातीच्या सिम्युलेटरात इंजिन तापते, इंधन संपते, पंख्याच्या फिरण्याने विमान एका बाजूला ओढले जाते, आणि काठी जास्त खेचली तर पंखांवरची हवा सुटून विमान गिरक्या खात खाली येते. पहिल्या आठवड्यात मी सतरा वेळा तसा खाली आलो. त्यातल्या बहुतेक वेळा शत्रूने एक गोळीही झाडलेली नव्हती.

माझी चूक सगळ्या नवशिक्यांची असते तीच. समोर विमान दिसले की त्याच्या मागे लागायचे, ते वळले की आपणही तसेच वळायचे, आणि काठी पोटाशी येईल इतकी खेचायची. नातू मागे उभा राहून म्हणायचा, ‘‘आबा, खर्च करताय. खर्च करताय.’’ शेवटी मी वही घेतली आणि हिशेब मांडायला बसलो.

विमानाकडे दोन खाती असतात. उंची ही ठेव, वेग ही हातातली रोकड. सूर मारला की ठेव मोडून रोकड हाती येते. नाक वर केले की रोकड पुन्हा ठेवीत जाते. दर ठरलेला आहे, तो न्यूटनच्या काळापासून बदललेला नाही. ताशी ३६० किलोमीटर वेग म्हणजे सुमारे ५१० मीटर उंची. वेग दुप्पट, ताशी ७२०, झाला तर त्याची किंमत दुप्पट नव्हे, चौपट होते, म्हणजे २०४० मीटर. अर्थात हा कागदावरचा दर. प्रत्येक व्यवहारात हवा आपले कमिशन कापून घेतेच. उत्पन्नाचे एकच साधन, ते म्हणजे इंजिन. १९४० मधल्या स्पिटफायर किंवा मेसरश्मिट १०९ या विमानांचे इंजिन पूर्ण जोर लावून दर सेकंदाला फार तर बारा-पंधरा मीटर उंची कमावत असे. म्हणजे हजार मीटरची ठेव जमवायला मिनिटभर राबायचे. आणि खर्च? एका कडक वळणात, जिथे वैमानिकाला आपले वजन चौपट झाल्यासारखे वाटते, तिथे पंखांना चौपट ओझे उचलावे लागते, आणि त्याच वेगाला त्या उचलण्यापायी होणारा हवेचा विरोध सोळापट होतो. पगार सरळ वाढतो, खर्च वर्गाने वाढतो. असे खातेदार मी पाहिले आहेत. त्यांचे काय होते तेही पाहिले आहे.

हे सूत्र मी शोधले असे कोणी समजू नये. अमेरिकी वायुदलातले जॉन बॉइड आणि थॉमस ख्रिस्ती हे गणितज्ञ यांनी १९६० च्या दशकात याचे रीतसर शास्त्र बनवले. कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगाला, कोणत्या विमानाच्या गाठी किती जादा शक्ती उरते याचे नकाशेच त्यांनी काढले. बॉइड हा मोठा वल्ली. प्रतिस्पर्ध्याला आपल्या शेपटीमागून सुरुवात करू द्यायची आणि चाळीस सेकंदांत आपण त्याच्या मागे जाऊन दाखवायचे, अशी त्याची पैज असे. आणि या हिशेबासाठी लागणारा संगणकाचा वेळ त्याने वरिष्ठांच्या रीतसर मंजुरीवाचून वापरला म्हणतात. माझ्या बँकेत असता तर आधी त्याच्यावर आरोपपत्र निघाले असते आणि मग पदोन्नती मिळाली असती. की फक्त आरोपपत्र? असो.

पण बॉइडने आकड्यांत मांडले ते त्याच्या आधी माणसांनी जीव देऊन शिकलेले होते. ओस्वाल्ड ब्योल्के या जर्मन वैमानिकाने १९१६ मध्येच लढण्याचे काही नियम लिहून काढले. हल्ल्यापूर्वी वरचढ स्थिती मिळवा, शक्यतो सूर्य पाठीशी ठेवा, सुरू केलेला हल्ला तडीस न्या, जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका, शक्यतो मागून हल्ला करा. आज शंभर वर्षांनंतर नातवाचा कोणी मित्र नवख्याला शिकवतो तेव्हा हेच सांगतो, फक्त ब्योल्केचे नाव त्याला ठाऊक नसते. खुद्द ब्योल्के त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला गेला. शत्रूच्या गोळीने नव्हे. झटापटीत त्याच्याच तुकडीतल्या मित्राच्या विमानाचा धक्का लागला. वय पंचवीस.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये हा धडा पुन्हा गिरवावा लागला. जपानी झीरो हे विमान हलके, कमी वेगात विलक्षण चपळ. त्याच्याशी वळणांची स्पर्धा लावणारा वाचत नसे. चीनच्या बाजूने लढणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांना क्लेअर शेनॉल्ट यांनी ब्रह्मदेशातल्या टाउंगू इथल्या तळावर शिकवले ते हेच. जपानी विमानांशी वळू नका. तुमचे पी-४० जड आहे, सूर मारण्यात ते सरस आहे. वरून या, एक फटका मारा, तोच वेग घेऊन दूर निघून जा, पुन्हा वर चढा. शूर माणसाला हे पळपुटेपणाचे वाटते. आपल्या मातीला मात्र हे नवे नाही. डोंगरावरून उतरून फटका मारायचा आणि मुख्य फौज गोळा व्हायच्या आत पुन्हा डोंगर गाठायचा, याचे मोल मराठी माणसाला कोणी शेनॉल्टने सांगायला नको.

अमेरिकी नौदलातल्या जॉन थॅच यांची गोष्ट मला अधिक आवडते, कारण ती स्वयंपाकघरातली आहे. झीरो आपल्या विमानापेक्षा जलद चढते आणि जलद वळते, असा गुप्त अहवाल त्यांनी १९४१ मध्ये वाचला. मग रात्री घरी जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून ते विचार करत बसले. आपले विमान कमी पडते हे मान्य केले तर काय करता येईल? उत्तर असे निघाले. दोन विमानांनी अंतर ठेवून शेजारी-शेजारी उडायचे. एकाच्या मागे शत्रू लागला की दोघांनी एकमेकांच्या दिशेने वळायचे. पाठलाग करणारा शत्रू आपोआप दुसऱ्याच्या तोफांसमोर येतो. पुन्हा आला, पुन्हा वळायचे, वेणी घालावी तसे. ही वेणी ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत प्रथम प्रत्यक्ष वापरली गेली. आणि योगायोग पाहा, त्याच ४ जूनला तिकडे उत्तरेला अल्यूशन बेटांमध्ये अकुतान या बेटावर एक झीरो दलदलीत उतरताना उलटले. वैमानिक गेला, विमान जवळपास धड राहिले. अमेरिकनांनी ते उचलून नेले, दुरुस्त केले आणि सप्टेंबरमध्ये सान दिएगोला उडवून पाहिले. तेव्हा कळले की वेग वाढला की हे चपळ विमान बाजूला कलंडायला जड जाते, आणि झटकन नाक खाली केले की त्याचे इंजिन अडखळते.

नाक खाली केले की इंजिन अडखळणे ही स्पिटफायरचीही जुनी व्यथा. त्याच्या कार्ब्युरेटरमधले तरंगते बोंडले अशा वेळी गोंधळून जाई. मेसरश्मिटमध्ये इंधन थेट आत फवारले जाई, त्याला ही अडचण नव्हती. म्हणून जर्मन वैमानिक नाक दाबून सरळ खाली सटकत, आणि मागचा इंग्रज इंजिनाचा ठसका ऐकत राही. यावरचा तात्पुरता तोडगा फार्नबरो इथल्या संशोधन संस्थेतल्या बिअ‍ॅट्रिस शिलिंग या अभियंत्या बाईंनी १९४१ मध्ये काढला. इंधनाच्या नळीत बसवायची एक छोटी, मोजून भोक पाडलेली पितळी चकती. बाई मोटारसायकलच्या शर्यतीही जिंकत. नातवाच्या संगणकातली स्पिटफायर आजही नाक दाबले की खोकते. त्या खोकल्याने मी तीनदा मेलो, तेव्हा या चकतीचे महत्त्व मला पटले.

सिम्युलेटर खेळणाऱ्यांमध्ये रॉबर्ट शॉ या अमेरिकी नौदल वैमानिकाचे १९८५ चे ‘फायटर कॉम्बॅट’ हे पुस्तक पोथीसारखे मानले जाते. लढण्याच्या दोन वृत्ती त्यात नीट वेगळ्या केल्या आहेत. एक कोनाची. वळत राहा, कोपरा कापत राहा, मागे जा. दुसरी शक्तीची. साठा राखा, वाट पाहा, समोरचा उधळून बसला की या. झीरोवाला पहिल्या वृत्तीचा, पी-४० वाला दुसऱ्या. गंमत या दोहोंच्या मधल्या जागेत आहे. समजा, तुम्ही समोरच्यापेक्षा वेगात आहात आणि तो आत वळतो आहे. सरळ गेलात तर पुढे निघून जाल आणि तोच तुमच्या मागे येईल. अशा वेळी नाक वर करायचे. जादा वेग उंचीत ठेवून द्यायचा, वर मंदावून कलंडायचे, त्याला खाली वळू द्यायचे आणि मग ठेव मोडून त्याच्या वळणाच्या आतल्या बाजूला उतरायचे. याला ‘हाय यो-यो’ म्हणतात. नाव पोरकट आहे, पण मला ते जमले त्या दिवशी मी संध्याकाळची गोळी घ्यायला विसरलो. याच्या नेमके उलट ‘सिझर्स’. दोन विमाने कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांना छेदत राहतात आणि प्रत्येकाचा प्रयत्न असतो समोरच्याला पुढे जाऊ देण्याचा. तिथे जो अधिक हळू उडेल तो जिंकतो. मात्र फार हळू उडाला तर पडतो.

आणि हे सारे साधून समोरचा टप्प्यात आला तरी तो सापडतोच असे नाही. स्पिटफायरच्या आठ बंदुकांत मिळून गोळ्या होत्या साधारण पंधरा सेकंदांच्या. बोटांवर मोजा, पंधरा. तीनशे मीटरवरच्या विमानापर्यंत गोळी पोचायला ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात ते विमान चाळीस मीटर, म्हणजे स्वतःच्या चार लांब्या, पुढे गेलेले असते. म्हणून ते जिथे आहे तिथे नव्हे, जिथे असेल तिथे मारायचे, नाहीतर इतके जवळ जायचे की चुकण्याची सोयच राहू नये. ३५२ विमाने पाडणारा एरिख हार्टमन दुसरा मार्ग पत्करायचा. आधी नीट पाहायचे, मारायचे की सोडायचे ते ठरवायचे, अगदी जवळून मारायचे, लगेच निघून जायचे. गिरक्या-बिरक्यांच्या भानगडीत तो शक्यतो पडत नसे. ज्यांना त्याने पाडले त्यातल्या बहुतेकांना तो दिसलाच नव्हता.

इथे मला माझ्या फितीकडे परत जावेसे वाटते. आपल्या मनातले हवाई युद्ध म्हणजे सिनेमातले. दोन वीर समोरासमोर, डोळ्याला डोळा. ते त्या काळातही क्वचितच तसे होते. आता तर दोघे एकमेकांना पाहतही नाहीत. मे २०२५ मधल्या हवाई लढाईत विमानांनी सीमा न ओलांडता लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे सोडली. ९ ऑगस्टला बेंगळुरू इथे वायुदलप्रमुख ए. पी. सिंग यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडल्याचे सांगितले. त्यातले मोठे विमान सुमारे ३०० किलोमीटर अंतरावरून. पाकिस्तानने ते नाकारले. पाकिस्तानचे दावे तर पहिल्या दिवसापासून वेगळे होते. आपली काही विमाने गेल्याचे संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूरला मान्य केले, आकडा सांगितला नाही. या परिस्थितीत कोणी आपल्याला एका मिनिटात सगळे दाखवणारी, आवाजासकट, आगीसकट फीत देत असेल, तर पहिला प्रश्न असा पडायला हवा की, कॅमेरा धरून बसलेला हा मनुष्य होता कुठे? ३०० किलोमीटर म्हणजे पुण्याहून निघून सोलापूरच्याही पुढे. इथे बसून तिथला आगीचा गोळा कोणाला दिसतो?

आकड्यांचे म्हणाल तर जुन्या, डोळ्यांनी पाहून केलेल्या लढाईतही ताळा लागत नसे. १५ सप्टेंबर १९४० हा दिवस ब्रिटन आजही साजरा करतो. त्या दिवशी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर झाले. युद्धानंतर जर्मनांच्या नोंदी तपासल्या तेव्हा खरा आकडा साठच्या आसपास निघाला. कोणी मुद्दाम खोटे बोलले असे म्हणता येत नाही. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, तिघांनी ते धूर सोडत ढगात जाताना पाहिले, तिघांनी आपापल्या खात्यात जमा केले. बँकेत जी रक्कम कोणाच्या खात्यातली ते कळत नाही ती आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकतो आणि ताळा लागेपर्यंत तिथेच ठेवतो. युद्धाच्या दिवसांत असे खाते ठेवायला कोणीही तयार नसते. सरकारे नसतात, वाहिन्या नसतात, आणि खोटे कशाला बोलू, मीही नव्हतो.

सिम्युलेटर या बाबतीत प्रामाणिक आहे. तिथे पडले ते पडले, नोंद पक्की. म्हणूनच की काय, यंत्राला लढायला शिकवण्यासाठीही तोच वापरतात. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या ‘दार्पा’ या संस्थेने संगणकावर एफ-१६ विमानांची स्पर्धा लावली. हेरॉन सिस्टिम्स या छोट्या कंपनीच्या कृत्रिम बुद्धीने एका कसलेल्या वैमानिकाला ५-० असे हरवले. बातम्या झाल्या, माणसाचे दिवस भरले म्हणून. तपशील मात्र वाचण्याजोगा आहे. यंत्र बहुतेक वेळा समोरासमोर धडकण्याच्या बेताने येऊन तोफ चालवत होते. माणसांच्या सरावात याला मनाई असते, कारण त्यात दोघेही मरू शकतात. शिवाय समोरचा कुठे आहे हे यंत्राला प्रत्येक क्षणी अचूक सांगितलेले होते. मान वळवून शोधायला लागत नव्हते, सूर्य डोळ्यांत जात नव्हता. हे मुद्दे खरे, पण त्यांच्या आधाराने निश्चिंत राहता येईल असे मला वाटत नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात एक्स-६२ नावाच्या खऱ्याखुऱ्या विमानावर तेच तंत्र बसवून माणसाने चालवलेल्या एफ-१६ शी खऱ्या आकाशात झुंजवले गेले, आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन वायुदल सचिव फ्रँक केंडल स्वतः त्यात बसून आले. ज्याला पेन्शन द्यावी लागत नाही असा कर्मचारी मिळाला तर कोणतीही संस्था त्याच्याकडे वळते, एवढे मी नोकरीत शिकलो आहे.

दुसरीकडे, काळ उलटाही फिरतो. युक्रेनमध्ये २०२४ पासून याक-५२ हे १९७० च्या दशकातले पंख्याचे शिकाऊ विमान पुन्हा लढाईत दिसू लागले. पुढे वैमानिक, मागच्या आसनावर बंदूक घेतलेला माणूस, आणि शिकार रशियाच्या टेहळणी ड्रोनची. कारण साधे आहे. ड्रोन हळू उडते, जेट विमान त्याच्या मागे राहूच शकत नाही, पुढे निघून जाते, आणि एकेका स्वस्त ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र सोडायचे तर तिजोरी रिकामी होते. विमानाच्या अंगावर पाडलेल्या ड्रोनची चित्रे रंगवलेली आहेत, १९४० मध्ये रंगवत तशीच. कात्रीच्या डावात हळू उडणारा जिंकतो हे नातवाने मला शिकवले होते. ते छायाचित्र त्याला दाखवले तेव्हा तो नुसता हसला आणि म्हणाला, ‘‘सांगितलं होतं ना.’’

या खेळाबद्दल माझे मन आता स्वच्छ आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या आईला वाटते की मुलगा बिघडतोय, आणि मी आता फितूर झालोय. तिला मी भौतिकशास्त्राचे मार्क दाखवतो. पण मलाच खुपणाऱ्या काही गोष्टी आहेत. चौपट वजनाचा आकडा पडद्यावर दिसतो, मानेला कळत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते ती पडद्याला येते. ब्रिटनच्या लढाईत त्यांच्या लढाऊ तुकड्यांचे पाचशेहून अधिक वैमानिक आणि सहकारी गेले, बरेचसे नातवाहून चार-पाच वर्षांनीच मोठे. त्याच्या पडद्यावर मात्र मेल्यावर एक बटन येते आणि ते दाबले की पुन्हा सकाळ होते. शिकण्यासाठी ते बटन फार उपयोगी. ते नसते तर माझ्यासारख्या माणसाला हाय यो-यो कधीच आला नसता. पण आठ मेच्या रात्री ‘शाब्बास’ लिहिताना माझ्या मनात कुठेतरी तेच बटन होते. त्या आगीच्या गोळ्यात कोणी बसलेला आहे, आपला किंवा त्यांचा, हे मला सुचलेसुद्धा नाही. तिथे कोणीच नव्हते हे नंतर कळले, पण तो माझा शहाणपणा नव्हे.

दिवाळीत माझ्या त्या सहकाऱ्याचा मुलगा रजेवर आला होता. बापाबरोबर घरी फराळाला आला. मे महिन्याबद्दल मी विचारले नाही, त्यानेही काही काढले नाही. लोहगावच्या बाजूने सुखोईचा आवाज आला तेव्हा त्याने बोलणे थांबवून तो संपेपर्यंत कान दिला, तेवढेच. तो वैमानिक नाही. विमान परत आले की त्याची चाके, ब्रेक, टायर तपासणे हे त्याचे काम. नातवाने उत्साहाने त्याला खोलीत नेले. मेसरश्मिटवर बसून दोन स्पिटफायर पाडून दाखवल्या, खरोखर छान, एक तर सूर्याकडून येऊन. पाहुणा शांतपणे पाहत होता. मग म्हणाला, ‘‘इंधन किती घेतलं होतंस?’’

‘‘पंचवीस टक्के. विमान हलकं राहतं ना.’’

‘‘मग घरी कसा जाणार?’’

‘‘घरी कोणी जात नाही, काका. दोन पाडली की पुढची मॅच.’’

‘‘आत्ता उरलंय त्यात पोचशील का बघ.’’

नातवाने नकाशा उघडला, नाक घराच्या दिशेने वळवले, इंजिनाचा जोर कमी केला. आम्ही तिघे मागे उभे. अकरा मिनिटे काही घडले नाही. खाली शेते, मग किनारा, मग समुद्र, मग पुन्हा किनारा. इंधनाचा लाल दिवा लागला. गवती धावपट्टी दिसली. मेसरश्मिटच्या चाकांमधले अंतर फार कमी, ते उतरताना कलंडते ही त्याची ख्याती. चाके टेकली, विमान उडाले, पुन्हा टेकले, डावा पंख गवताला घासला आणि ते गोल फिरून आडवे थांबले.

‘‘डावा टायर गेला,’’ पाहुणा पडद्याजवळ वाकून म्हणाला. ‘‘पंखाचं टोकही. पण आला.’’ मग खुर्ची ओढून तो नातवाच्या शेजारी बसला. ‘‘परत एकदा उतरव. या वेळी थोडा हळू ये.’’